इटलीवाला आणि सावरगावचा जावई

माझं लग्न सावरगावच्या फुटबॉल संघाचा बचाव मजबूत करण्यासाठी लावलं गेलं, असं पांढुर्ण्यात अजूनही बोललं जातं. मी सावरगावची, आमचे हे पांढुर्ण्याचे. मध्ये जाम नदी आणि तिच्यावरचा पूल. माहेराहून सासरी चालत यायला बारा मिनिटं लागतात, वाटेत कुणी ओळखीचं भेटलं तर तासभर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही दोन गावं दोन काठांवर उभी राहून एकमेकांना दगड मारतात आणि वर्षाचे उरलेले दिवस एकमेकांच्या घरी सोयरीक जुळवत फिरतात. आमचं लग्नही असंच जुळलं.

लग्नाआधी हे सावरगावचा काळ होते. सेंटर फॉरवर्ड. दर उन्हाळ्यात नदीकाठच्या मैदानावर स्पर्धा व्हायची, शेवटचा सामना बहुतेक वेळा या दोन गावांतच व्हायचा, आणि हे आमच्या गावावर गोल मारून जायचे. माझे बाबा तेव्हा मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसत. एका उन्हाळ्यात यांनी एकाच सामन्यात तीन गोल मारले. बाबा घरी आले, हातपाय धुतले आणि आईला म्हणाले, "पोरगा चांगला हाये. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर नोकरी हाये. बोलून पाहू." पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लग्न झालं होतं, आणि त्या दिवसापासून यांचा सावरगाववर एकही गोल झाला नाही. अकरा वर्षं.

याचं कारण अगदी साधं आहे. आमच्याकडे जावयाच्या पाया पडतात. सासरा पडतो, चुलतसासरा पडतो, साळ्याची तर सुटकाच नाही. आता सावरगावचा संघ म्हणजे कोण? माझा एक सख्खा भाऊ, तो गोलकीपर, आणि बाकी सगळे चुलत, मावस, मानलेले किंवा आमच्या गल्लीतले. सगळ्यांचेच हे भाऊजी. यांच्या पायात बॉल आला की समोरचा गडी आडवा येण्याऐवजी अदबीनं बाजूला व्हायचा. "या भाऊजी." "तब्येत बरी हाये न जी?" "ताई आली का पाह्यले?" आता एवढ्या आदरानं कुणी विचारल्यावर माणूस त्याला खांदा मारून पुढं कसा जाणार? हे थांबत. म्हणत, "बरी हाये." तोवर बॉल कुणीतरी नेलेला असायचा. जावयाला धक्का लागायला नको म्हणून अगदी हळूच नेलेला असायचा.

सामना सुरू होण्याआधी माझा भाऊ आपला गोल सोडून मैदान ओलांडून यायचा आणि यांच्या पाया पडून परत जायचा. लोधीखेड्याचे एक पीटी मास्तर पंच असत. ते शिट्टी तोंडात धरून त्याची वाट पाहत उभे राहायचे.

यांना हे फार लागायचं. आमच्या घरात भांडण व्हायचं ते पगारावरून नाही, सासूसुनेवरून नाही, या गोलावरून व्हायचं. "तुह्या गावानं मले बांधून टाकलं," असं म्हणायचे. मी म्हणायची, "मंग माझ्याशी कशाले केलं?" त्यावर हे ठेचा मागायचे.

या वर्षी फेब्रुवारीत यांचा गुडघा बोलायला लागला. नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, की हा उन्हाळा खेळा हवं तर, पण पुढच्या वर्षी बाहेर बसूनच पाहा. हे घरी आले आणि दोन दिवस खेळायचे जोडे पुसत राहिले. तिसऱ्या दिवशी रात्रीच्या भाकरीवर ठेचा घेता घेता म्हणाले, "एक गोल पाह्यजे. सावरगाववर. खरा. मंग मी जोडे टांगतो." मला वाईट वाटलं. माझ्या गावावर गोल व्हावा असं मला कधी वाटलं नव्हतं, त्या रात्री वाटलं.

इटलीवाला आमच्या घरात आला तो त्याच महिन्यात. मी सौंसर तालुक्यात मराठी शाळेत शिकवते. रोज पांढुर्ण्याहून बसनं जाते. शाळेत सामान्य ज्ञानाची स्पर्धा होती आणि प्रश्न मला काढायचे होते. बसमध्ये फोनवर इटलीची माहिती शोधत बसले. मोहगावच्या फाट्यापर्यंत राजधानी, नद्या आणि डोंगर झाले. त्यानंतर बोट कुठंतरी चुकून लागलं आणि एक पान उघडलं. शंभरेक वर्षांपूर्वीचा एक इटलीचा फुटबॉल खेळाडू. सेंटर फॉरवर्ड. एक फोटो होता, मधोमध भांग, दोन्ही बाजूंनी चापून बसवलेले केस आणि चेहऱ्यावर पाहुण्याच्या घरी चहा फिका निघाल्यासारखा भाव. इंग्रजीत आठ ओळी होत्या. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. तीन वेळा वाचलं आणि तीन वेळा वेगळं आलं. घरात आम्ही त्याला इटलीवालाच म्हणतो.

आठ ओळींत त्या माणसाचं सगळं आयुष्य उरकलं होतं. कुठल्याशा शहरात जन्मला. दिवसा कापडाच्या पेढीत काम करायचा. आधी एका संघाकडून खेळला, मग त्याच शहरातल्या दुसऱ्या संघाकडून. देशासाठी दोन सामने खेळला, गोल नाही. त्याच्या शेवटच्या सामन्यातला गोल त्याचा मानायचा की गोलकीपरच्या चुकीचा, याबाबत मतभेद आहेत. पुढं तो पंच झाला. मग वारला. बस.

संध्याकाळी मी हे पान यांना दाखवलं. वाटलं, तेवढंच मन रमेल. यांना इंग्रजी वाचता येत नाही. फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "जिनिंगवाला वाटते." मी म्हटलं, "कापडवाला." ते एकदम सरसावून बसले. दिवसभर कापसाशी नातं असलेलं काम आणि संध्याकाळी सेंटर फॉरवर्ड! यांना तो सख्खा भाऊ भेटला. "वाच," म्हणाले. "सगळं वाच."

आठ ओळी वाचायला दोन मिनिटं लागली असती. यांचा चेहरा पाहून मी पहिल्या दिवशी तीनच ओळी वाचल्या. दुसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी ओळी संपल्या आणि हे ताट बाजूला सारून विचारू लागले, "मंग? पुढं काय केलं त्यानं?"

मी मास्तरीण आहे. धड्यात नसलेलं सांगून तास भरायची मला सवय आहे. मी म्हटलं, "सामन्याच्या महिनाभर आधीपासून तो सकाळी लवकर उठायचा."

"व्यायाम करायले?"

"चहा करायले," मी म्हटलं. "बायकोसाठी. उकळत्या चहाकडे नजर लावून उभं राहिलं की बॉलवर नजर बसते म्हणे."

हे माझ्याकडे पाहत राहिले. मी फोनकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्या उशाशी चहा होता. साखर जास्त पडली होती, तरी मी सगळा प्याले. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला कुणी अंथरुणात चहा दिला होता.

त्यानंतर मला मोह आवरला नाही. इटलीवाला कणीक मळायचा, त्यानं मनगटात ताकद येऊन बॉल लांब फेकता येतो. इटलीवाला तांदूळ निवडायचा, त्यानं गर्दीत आपला गडी बरोबर दिसतो. पाण्यानं भरलेल्या गुंड्या गच्चीवर नेऊन ठेवणं हे तर त्याच्या गुडघ्याचं औषधच होतं, असं सांगताना मला माझीच लाज वाटली. पण यांचा गुडघा खरंच बरा वाटू लागला, तेव्हा ती गेली. कातड्याचा बॉल डोक्याला टोचायचा म्हणून जुने खेळाडू डोक्याला रुमाल बांधत, हे मात्र मी कुठंतरी खरंच वाचलं होतं. हे लगेच चार कोपऱ्यांना गाठी मारलेला रुमाल डोक्यावर घालून सरावाला जाऊ लागले. संत्र्याच्या बागेत मजूर बाया घालतात तसाच दिसायचा तो.

सासूबाई आठ दिवस हे सगळं ओट्यावरून पाहत होत्या. एका दुपारी हे तांदूळ निवडत बसले असताना त्यांनी मला विचारलं, "इटलीतल्या बाया काय करतात मंग?"

"पाहतात," मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला आणि मुलाकडे आपलंही सूप सरकवलं.

एक गोष्ट मी यांच्यापासून दडवली. यांनी विचारलं, "देशासाठी किती मारले?" मी "पुष्कळ," म्हटलं. ज्या माणसाला एक गोल हवा आहे, त्याला दोन सामने आणि गोल नाही हे कसं सांगायचं? मतभेदाची ओळ मात्र मी सांगितली होती, कारण देशाची ओळ गाळून घाईनं पुढं जाताना ती वाचून झाली होती. हे त्या ओळीवरून हटेनात. "मंग तो गोल त्याचा होता का नोयता?" रोज एकदा तरी विचारायचे. शेवटी वैतागून मी म्हटलं, "तो स्वतः गेला त्या गोलकीपरच्या घरी. समोर बसून विचारलं. त्यानं खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्याले झोप लागली."

"काय सांगितलं?"

"ते लिहिलेलं नाही."

हे वाक्य मला पुढं महागात पडलं.

या वर्षी उन्हाळ्यात अधिक महिना आला. अधिक महिन्यात जावयाला सासरी जेवायला बोलावतात, पुरणाचे धोंडे करतात, वाण देतात. रिकाम्या हातानं जावयाला पाठवायचं नाही, असा तो सगळा महिना असतो. शेवटचा सामना याच महिन्यात आला, पांढुर्णा आणि सावरगाव, आणि यांच्या धोंड्याच्या जेवणाचा रविवार त्यानंतर चारच दिवसांनी होता. मला तेव्हा यात काही धोका दिसला नाही.

सामन्याच्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही मैदानावर गेलो. मी कुठल्या बाजूला बसावं हा दरवर्षीचा प्रश्न. मी मधल्या रेघेच्या बरोबर समोर बसते, म्हणजे दोन्हीकडचे लोक माझ्यावर सारखेच नाराज राहतात. भाऊ नेहमीप्रमाणे मैदान ओलांडून आला, यांच्या पाया पडला, यांनी "असू दे, असू दे" म्हटलं, आणि पीटी मास्तरांनी शिट्टी वाजवली.

पहिला अर्धा वेळ नेहमीसारखाच. "या भाऊजी." "ऊन लय हाये, नाही?" हे डोक्यावर रुमाल घालून मैदानभर आदर स्वीकारत फिरत होते. पण दुसऱ्या अर्ध्यात यांनी एक गोष्ट केली. कुणी "या भाऊजी" म्हटलं की उत्तर द्यायला थांबणं यांनी बंद केलं. तोंड घट्ट मिटलं आणि धावत सुटले. सावरगावचे गडी गोंधळले. जावयानं उत्तर दिलं नाही म्हणजे जावई रागावला, आणि रागावलेल्या जावयाच्या वाटेला कोण जाईल? ते आणखीच बाजूला झाले. शेवटची पाचेक मिनिटं उरली होती. मधून एक लांब बॉल आला, यांनी तो छातीवर घेतला, खाली टाकला, आणि समोर फक्त माझा भाऊ उरला.

भाऊ गोल सोडून पुढं धावला. हे पुढं धावले. मी उभी राहिले. कुणासाठी उभी राहिले ते मला आजही सांगता येणार नाही. दोघं अगदी जवळ आले आणि भाऊ दोन्ही हात पुढं करून यांच्या पायांशी झेपावला. यांनी पाय फिरवला, बॉल त्याच्या हातांपाशी गेला, थोडा उसळला, त्याच्या बाजूनं निघाला आणि टुकूटुकू घरंगळत गोलात गेला.

आणि आमच्या यांनी काय करावं? पायांशी साळा वाकलेला, अकरा वर्षांची सवय. यांनी हात वर केला, भावाच्या डोक्यावर ठेवला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "असू दे, असू दे. सुखी राहा."

मग दोन्ही गावं हसायला लागली. दोन्ही काठांवरचे लोक एकाच गोष्टीला एकाच वेळी हसल्याचं माझ्या आठवणीतलं हे पहिलंच उदाहरण. पीटी मास्तरांनी गोल दिला, हसू आवरेना म्हणून शिट्टी तुटक तुटक वाजली. पांढुर्णा जिंकलं. आणि त्या रात्रीपासून दोन्हीकडं एकच बोललं जाऊ लागलं, की सावरगावनं जावयाला धोंड्याचं वाण दिलं. ताट-वाटीऐवजी गोल दिला.

हे घरी आले ते रुमाल काढून खिशात कोंबूनच. पेढे घेऊन लोक आले होते, त्यांना "बसा" म्हटलं आणि स्वतः मागच्या अंगणात जाऊन बसले. मी गेले तर म्हणाले, "तुह्या भावानं पाया पडायची वेळ तीच पाह्यली काय?"

"तो बॉल धरायले गेला असन," मी म्हटलं.

"साऱ्या गावानं पाह्यलं. मी आशीर्वाद देल्ला त्याले. कोनी गोल मारल्यावर आशीर्वाद देते काय?" खिशातला रुमाल काढून त्याच्या गाठी सोडल्या. मग म्हणाले, "इटलीवाल्यासारखंच झालं. मतभेद." आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तो गेलता न गोलकीपरच्या घरी? तू जाय. तुले खरं सांगन तो."

स्वतःच सांगितलेल्या खोट्यापायी मी दुसऱ्या दिवशी सकाळी पूल ओलांडून माहेरी गेले. भाऊ ओसरीवर बसला होता. उन्हाळ्यात खांद्यावर असतो तो दुपट्टा त्यानं उजव्या हातावर गुंडाळून मांडीवर घेतला होता. मला ते विचित्र वाटलं, पण मी ज्या कामाला आले होते त्यातच माझं डोकं होतं. मी सरळ विचारलं, "काल तू बॉल धरायले गेलता का पाया पडायले?"

त्याचं तोंड उतरलं. "तूही असंच विचारून राहिली का ताई? सकाळपासून बारा लोक विचारून गेले. किराणावाला म्हनते, मोठं मन हाये बाप्पा तुह्यं. अवं, मी जीव तोडून गेलतो. भाऊजीनं मारलाच असा, की गेला. आता माह्यावर कोनी विश्वास ठेवत नाही."

"शप्पथ?"

"आईची."

मी जवळजवळ धावतच परत आले. एवढी आनंदाची खबर मी या घरात कधी आणली नव्हती. हे खाटेवर बसले होते, हातात मी घाईत घरीच विसरलेला माझा फोन. मी दारातूनच म्हटलं, "खरा गोल हाये. तो जीव तोडून गेलता. आईची शप्पथ घेतली त्यानं."

यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. फोन पुढं केला. फोनवर इटलीवाल्याचं पान होतं. खाली कुठंतरी भाषा बदलायचं बटण असतं, ते यांच्या हाताला लागलं होतं, आणि आठच्या आठ ओळी हिंदीत उतरल्या होत्या.

"चाय कुठी हाये यात?" यांनी विचारलं.

मी उभी राहिले.

"कनीक? तांदूळ? गोलकीपरच्या घरी जानं?" मग आवाज खाली आला. "देशासाठी एकही गोल नाही मारला त्यानं. तू म्हनली पुष्कळ."

"तुमाले वाईट वाटू नये म्हणून जी."

"मंग आताही मले वाईट वाटू नये म्हनूनच सांगून राहिली न तू."

तीन महिने मी खोटं बोलले होते आणि माझा शब्दन् शब्द खरा मानला गेला होता. आज पहिल्यांदा खरं आणलं, तर ते ठेवायला घरात जागा नव्हती. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. मी म्हटलं, भावाला बोलावते, त्याच्याच तोंडून ऐका. हे म्हणाले, तो जावयासमोर दुसरं काय सांगणार? तेही बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी उशाशी चहा नव्हता. मी उठून केला, दोघांचा. यांनी तो पिऊन घेतला आणि कप विसळून ठेवला.

रविवारी धोंड्याचं जेवण होतं. हे यायला तयार नव्हते. सासूबाईंनी सांगितलं, गोल घेऊन ये नाही तर ताट घेऊन ये, पण अधिक महिन्यात सासरचं बोलावणं मोडायचं नाही. आम्ही गेलो. पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. बाबा पाया पडले. भाऊ पाया पडायला आला तो एक हात दुपट्ट्यात गुंडाळलेलाच, एकाच हातानं पडला. यांनी "असू दे" म्हटलं, पण ते "असू दे" इतकं कोरडं होतं, की आईनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं.

जेवण सुरू झालं. आईनं पुरणाच्या धोंड्यांचं पातेलं भावाच्या हाती दिलं, म्हणाली, जवाईबापूले वाढ. भाऊ आला, वाकला, आणि त्यानं यांच्या ताटात डाव्या हातानं धोंडा वाढला.

आईच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. "डाव्या हातानं वाढून राहिला? जवाईले? अधिक महिन्यात?"

"हात भरला हाये," भाऊ पुटपुटला.

"कायनं भरला? काढ तो दुपट्टा."

"राहू दे न आई."

आई राहू देणाऱ्यांपैकी नाही. तिनं वाटी खाली ठेवली आणि दुपट्टा ओढला. उजव्या हाताचं मधलं बोट वांग्याच्या रंगाचं झालं होतं, सुजून दुप्पट, आणि दोन्ही बाजूंना कुल्फीच्या काड्या लावून चिंधीनं बांधलेलं होतं.

"हे कायनं झालं?"

भावानं यांच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "बॉलनं."

"कोनत्या बॉलनं?" हे विचारलं यांनी. घास हातातच होता.

"तुमच्याच जी. त्या दिवशीच्या."

"मंग सांगितलं कायले नाही?" मी ओरडलेच.

"कसं सांगू ताई? जवाईनं साळ्याचं बोट मोडलं, असं गावात सांगू? धोंड्याच्या जेवनाच्या चार दिवस आधी?"

हे पाटावरून उठले. जेवता जेवता जावई उठला म्हणजे केवढं अरिष्ट, आईनं कपाळाला हात लावला. यांचं तिकडं लक्षच नव्हतं. भरल्या हातानंच ते भावापाशी गेले. "लागला होता? बोटाले लागला होता बॉल?"

"लागला न जी. अडवलाच होता. बोट वाकलं म्हनून गेला."

"म्हंजे तू धरायलेच गेलता."

"मंग काय जी," भाऊ आता चिडला होता, "पाया पडता पडता बोट मोडते काय कोनाचं?"

यांनी ते बोट डाव्या हातावर अलगद घेतलं. पांढुर्ण्यानं जिंकलेला चषक आमच्या घरी आला तेव्हा यांनी त्याला हातही लावला नव्हता. हे काळंनिळं बोट मात्र उलटून पालटून पाहत राहिले. डोळे भरून आले. "लय सुजलं बाप्पा," म्हणाले, आणि एवढ्या आनंदानं म्हणाले, की भाऊही हसला. मलाही हसू फुटलं, आणि त्यातच रडूही.

आणि मग आमच्याकडे जे कधी कुणी पाहिलं नाही ते झालं. जावई खाली वाकला आणि साळ्याच्या पायाला हात लावायला गेला. आई "अवो, अवो" म्हणाली. बाबा उभे राहिले. भावानं जी उडी मारली ती मी विसरणार नाही. पातेलं, पाट आणि रांगोळी ओलांडून तो थेट दारात जाऊन पडला. इतकी वर्षं मी त्याला गोलात पाहत आले, अशी उडी त्यानं कधी मारली नव्हती.

परत येताना पुलावर यांनी गाडी थांबवली. वाण म्हणून मिळालेलं ताट माझ्या मांडीवर होतं. यांनी खाली नदीकडे पाहिलं. उन्हाळ्यात पाणी असं नसतंच, नुसते दगड.

"त्या इटलीवाल्याचं म्हनतो मी," ते म्हणाले. "त्याच्या गोलकीपरचं बोट कोनी पाह्यलंच नसन. बिचारा."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याबद्दल काही जोडावंसं मला वाटलं नाही. यांनी गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उशाशी चहा होता. त्या आठ ओळींत चहा नाही हे यांना आता पक्कं माहीत आहे. साखर अजूनही जास्तच पडते.